चार वर्षांच्या मुलीचं नाक आतून मोजायचं आहे. त्रास न होता ते कसं जमतं?

पाऊलखुणा

माझी मुलगी चार वर्षं दोन महिन्यांची आहे. गेले सात-आठ महिने ती झोपेत तोंड उघडं ठेवून श्वास घेते आणि घोरते. कुशीवर वळवलं की घोरणं थांबतं, पाठीवर आली की पुन्हा सुरू. सकाळी ओठ कोरडे आणि उशी लाळेने ओली. सर्दी नसतानाही आवाज चोंदलेलाच असतो. ‘म’ म्हणायला गेली की ‘ब’ येतो. मामाला ती ‘बाबा’ म्हणते आणि शेजारच्या खोलीतून तिचे बाबा ‘ओ’ देतात.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी उजेड टाकून नाकपुड्या पाहिल्या. आतलं अस्तर सुजलेलं आहे म्हणाले, मागे ॲडिनॉइड, म्हणजे नाकामागच्या मांसल गाठी, वाढलेले असू शकतात असंही म्हणाले. त्यांनी अकूस्टिक रायनोमेट्री, म्हणजे आवाजाने नाकाची आतली वाट मोजणं, करायला सांगितली आहे आणि मुलीने साथ दिली तर रायनोमॅनोमेट्री, म्हणजे श्वासाला होणारा विरोध मोजणं. औषध सुरू करण्याआधी एकदा मोजायचं, नंतर पुन्हा मोजायचं.

माझी अडचण वेगळीच आहे. सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी तिच्या नाकात दुर्बीण घालायचा प्रयत्न झाला. तिला चौघांनी धरलं होतं, त्यात मीही होते. ती इतकी रडली की शेवटी काहीच दिसलं नाही. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की ती दोन्ही हातांनी नाक झाकते. मला तिला पुन्हा तसं धरायचं नाही.

या तपासणीत नाकात काही घालतात का? दुखतं का? गुंगीचं औषध द्यावं लागतं का? आणि खरं सांगायचं तर, या मोजण्यातून नक्की कळतं काय? आकडा चांगला आला तर तिला काही झालेलं नाही असं समजायचं का? एखाद्या एक्स-रेने हे काम होत नाही का? ज्यांनी हे मुलांचं करून घेतलं आहे किंवा जे स्वतः करतात, त्यांनी कृपया सांगा.

रानजाई

माझ्या मुलाची झाली होती, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. नाकपुडीला बाहेरून एक नळी टेकवतात, आत काही जात नाही. ‘टक टक टक’ असा आवाज येतो, बस. दोन्ही बाजूंचं मिळून दहा मिनिटांतही झालं असेल. दुखलं अजिबात नाही.

दुसरी, मास्कवाली तपासणी मात्र जमली नाही. एका नाकपुडीवर चिकटपट्टीने बारीक नळी लावतात आणि वर मास्क. तोंड बंद ठेवून श्वास घ्यायचा असतो. त्याचं नाकच चोंदलेलं, तो तोंड कसं बंद ठेवणार? दोनदा मास्क ओढून काढला, मग त्यांनीच थांबवलं. त्यांनी थांबवलं याचं मला फार बरं वाटलं.

ताई, ज्या दिवशी न्याल त्या दिवशी भरपूर वेळ हाताशी ठेवून जा. आम्ही घाईत गेलो होतो आणि पहिला अर्धा तास तो माझ्या मागेच लपून होता.

मोजपट्टी

ताई, मी हीच तपासणी करते. अकरा वर्षं झाली, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं असतात. त्यामुळे जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी तुमच्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं. नाकात काही घालत नाहीत. दुखत नाही. गुंगी लागत नाही, आणि हिची मोठी सोय तीच आहे. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण जातात, एमआरआयला इतक्या लहान मुलांना बहुधा झोपवावं लागतं. इथे फक्त आवाज जातो. १९८९ मध्ये ओले हिल्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत नाकासाठी मांडली. त्यानंतर अगदी नवजात बाळांसाठीही बारीक नळ्या तयार झाल्या. बाळांचं मोजमाप दूध पिऊन झोपल्यावर करतात. पूर्ण दिवसांच्या बाळाची सर्वांत अरुंद जागा दोन्ही बाजू मिळून साधारण ०.२ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे इतक्याशा फटीतून ते जीव श्वास घेत असतं, आणि पहिले काही महिने मुख्यतः नाकानेच. मी पहिल्यांदा तो आकडा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसले होते.

आता काय कळतं ते. नळीतून आवाजाचा छोटा ठोका आत जातो, जिथे वाट अरुंद किंवा रुंद होते तिथून त्याचा थोडा भाग परत येतो, आणि मायक्रोफोन तो टिपतो. त्यावरून यंत्र आलेख काढतं: नाकपुडीच्या तोंडापासून किती आत गेल्यावर वाट किती मोकळी आहे. आलेखात पुढच्या भागात सहसा दोन खळगे दिसतात. पहिला नाकाच्या झडपेजवळचा, म्हणजे जिथे नाकपुडीचा मऊ भाग संपतो तिथला. दुसरा थोडा आत, बाजूच्या भिंतीवरून लोंबणाऱ्या मांसल घडीच्या पुढच्या टोकाचा. त्या घडीला टर्बिनेट म्हणतात. सूज येते ती मुख्यतः या घडीला. म्हणून डॉक्टर कधी कधी सूज उतरवणारे थेंब टाकून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायला सांगतात. दुसरा खळगा वर आला तर अडचण अस्तराच्या सुजेची होती. थेंबांनंतरही जागा तेवढीच अरुंद राहिली तर हाड, कूर्चा, दोन नाकपुड्यांमधला पडदा यांच्याकडे बघायचं. मला या तपासणीतलं सर्वांत उपयोगी असं हेच वाटतं, कारण औषधाने काम होईल का याचा अंदाज त्यातून येतो. ते थेंब मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरी टाकू नका, लहान मुलांत मात्रेची फार काळजी घ्यावी लागते.

आणि काय कळत नाही, तेही तितकंच नीट ऐका. आलेखाचा पुढचा भाग मी डोळ्यांनी पाहिल्यासारखा मानते, मागचा भाग ऐकीव मानते. जितकं आत जावं तितकी चूक वाढते. ॲडिनॉइड असतात नाकाच्या पार मागे, घशाच्या वरच्या बाजूला. तिथपर्यंत पोचेपर्यंत आवाज पुढच्या चिंचोळ्या जागेत अडखळलेला असतो, शिवाय वाटेत सायनसची तोंडं लागतात आणि थोडा आवाज तिकडे शिरतो. त्यामुळे ‘आकडा चांगला, म्हणजे ॲडिनॉइड नाहीत’ असं कोणी म्हणालं तर मानू नका. ॲडिनॉइडसाठी मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे किंवा दुर्बीणच लागते. उलट एक्स-रेमध्ये नाकाच्या पुढच्या भागातली सूज कळत नाही. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

मुलांच्या बाबतीत खरं कौशल्य यंत्रात नसतं, नळी टेकवण्यात असतं. नळीच्या टोकाला नाकपुडीच्या आकाराचं टोपण असतं, त्याला थोडी जेल लावायची म्हणजे फट राहत नाही. फट राहिली तर आवाज बाहेर निसटतो आणि नाक आहे त्याहून मोकळं दिसतं. पण फट बुजवायला म्हणून नळी दाबली तर नाकपुडी ताणली जाते आणि पुन्हा आकडा फुगतो. माझ्या दुसऱ्याच वर्षी माझ्याकडून हे झालं. साडेतीन वर्षांचा मुलगा होता, चुळबुळ्या. मी नळी जरा जोरात धरली. आलेख इतका देखणा आला की मी खूश होऊन अहवाल दिला. तो मुलगा रात्री बसून झोपायचा, हे त्याची आई मला सांगत होती आणि मी तिला कागदावरचा आकडा दाखवत होते. दोन दिवसांनी मलाच राहवलं नाही. त्यांना परत बोलावलं, हलक्या हाताने मोजलं. पहिल्या मापाच्या जवळजवळ निम्मं आलं. त्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त मान हलवली. तेव्हापासून मूल काय म्हणतं, आई काय म्हणते आणि आलेख काय म्हणतो यांत मेळ नसेल तर मी आधी माझ्या हातावर संशय घेते.

म्हणून तुम्ही तिथे गेलात की या गोष्टी विचारा, संकोच करू नका. एका बाजूचे निदान तीन आलेख घेतले का आणि ते एकमेकांवर बसतात का? आज नळीचं कॅलिब्रेशन, म्हणजे ती बरोबर मोजते का याची पडताळणी, झालं का? लहान मुलांचं टोपण वापरणार का? खोलीत पंखा, बोलणं, फोन चालू असेल तर बंद करायला सांगा, बाहेरचा आवाज मापात शिरतो. मोजताना ती रडत असेल, गिळत असेल किंवा नाकाने जोरात श्वास ओढत असेल तर ते माप धरायचं नसतं. गिळताना मऊ टाळू वर उचलली जाते आणि मागची सगळी आकृती बदलते.

पळत जिने चढून आलेल्या मुलाचं लगेच मोजत नाहीत. धावपळीने नाक तात्पुरतं मोकळं होतं, आडवं पडल्यावर चोंदतं. वीसेक मिनिटं शांत बसू द्यायचं. आणि एक बाजू बंद, एक उघडी दिसली म्हणून घाबरू नका. नाकाच्या दोन बाजू आळीपाळीने सुजतात आणि ओसरतात, हे रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्येच नोंदवलं होतं. म्हणून दोन्ही बाजूंची बेरीज बघायची. मात्र कायम एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल तर रायनोमेट्रीची वाट बघायची नाही. मुलं मणी, स्पंजचे तुकडे, काय काय नाकात घालतात. बटणासारखी बॅटरी असेल तर तासाभराचाही उशीर नको.

तुमच्या लेकीच्या भीतीबद्दल. मी कोट घालत नाही. आधी नळी मुलाच्या तळहातावर टेकवते आणि टकटक ऐकवते. मग त्याच्या बाहुलीचं नाक मोजते, मग आईचं. आईचा आलेख पडद्यावर आला की मूल तो बघायला स्वतःच पुढे येतं. मग ‘आता तुझा डोंगर बघू या’ म्हटलं की बहुतेक मुलं मांडीवर बसून नाक पुढे करतात. तोंड उघडं ठेवून दोन सेकंद पुतळा व्हायचं, एवढंच त्यांचं काम. नाही जमलं तर मी त्या दिवशी मोजत नाही. धरून घेतलेलं माप विश्वासाचं नसतंच, त्यामुळे तिला धरायची वेळ आली तर तुम्ही ‘नको’ म्हणा. त्यात तपासणीचंही नुकसान नाही.

तरंग

मी ध्वनीच्या मापनात काम करतो, वैद्यकीय माणूस नाही. मोजपट्टीताईंनी ‘ऐकीव’ म्हटलं त्यामागचं कारण थोडं उलगडतो.

नाकपुडीपासून पाच सेंटिमीटर आत जाऊन परत यायला आवाजाला दहा सेंटिमीटर अंतर कापावं लागतं. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे हा सगळा प्रवास सुमारे ०.३ मिलिसेकंदांत उरकतो. प्रत्येक प्रतिध्वनी कधी आला यावरून खोली कळते आणि किती जोरात आला यावरून रुंदी. हे गणित मुळात जमिनीखालचे थर ओळखण्यासाठी, भूकंपलहरींच्या अभ्यासात बसवलं गेलं होतं.

अडचण अशी की प्रत्येक थराचं उत्तर त्याच्या आधीच्या थराच्या उत्तरावर उभं असतं. पुढे अगदी चिंचोळी जागा असेल तर तिच्यापलीकडे आवाज फार कमी पोचतो आणि पलीकडची जागा आहे त्याहून लहान दिसते. पुढे झालेली चूक मागे मागे साठत जाते. लहान मुलाच्या नाकात सगळंच चिंचोळं असल्यामुळे हे जास्त जाणवत असणार.

अजून एक. एवढ्याशा सुजेने मूल इतकं बेजार का होतं? सरळ, गुळगुळीत नळीतून संथ वाहणाऱ्या हवेसाठी विरोध त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर विरोध सोळापट. नाक काही सरळ नळी नाही आणि हवा तिथे भोवरेही घेते, त्यामुळे सोळा हा आकडा जसाच्या तसा लागू नाही. पण दोन मिलिमीटर त्रिज्येच्या वाटेला एक मिलिमीटर सूज म्हणजे काय, याची त्यावरून कल्पना येते. मोठ्या माणसाला तीच सूज जेमतेम कळेल.

माझा प्रश्न मोजपट्टीताईंना: मग थेट विरोधच का मोजत नाहीत?

मोजपट्टी

मोजतात की. रानजाईताईंच्या मुलाची जी मास्कवाली तपासणी राहिली, ती तीच. रायनोमॅनोमेट्रीत नाकाच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक आणि हवेचा प्रवाह एकाच वेळी मोजतात, भागाकार केला की विरोध. मोठ्या माणसांत १५० पास्कल दाबावरचं माप घेतात. लहान मुलं तेवढा दाब निर्माण करत नाहीत, म्हणून बरेचदा ७५ वर वाचावं लागतं. अहवालात दाब कोणता धरला ते लिहिलेलं हवं, नाहीतर दोन अहवालांची तुलना करता येत नाही. आणि एक बाजू पूर्ण बंद असेल तर ही पद्धत चालत नाही, कारण त्या बंद बाजूला लावलेल्या नळीपर्यंत मागचा दाब पोचतच नाही.

आवाजाने कळते ती वाटेची रुंदी, मास्कने कळतो तो श्वासाला पडणारा जोर. चार वर्षांच्या मुलांत पहिली बहुतेकदा जमते, दुसरी नशिबावर. जोरात नाकाने श्वास ओढून मीटरवर आकडा बघायची एक सोपी तपासणी आहे, पण ती पाच-सहा वर्षांच्या पुढे.

पाऊलखुणा

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मी काल रात्री दोनदा वाचलं. आमची वेळ पुढच्या मंगळवारची आहे. एकच राहिलं: रात्री ती घोरता घोरता मध्येच गप्प होते आणि मग दचकल्यासारखा मोठा श्वास घेते. हे या तपासणीत कळेल का?

मोजपट्टी

नाही, ताई. ही तपासणी जागेपणी, बसून होते. हे मात्र डॉक्टरांना मंगळवारची वाट न बघता आजच फोन करून सांगा. गप्प होण्याचे दोन-तीन प्रसंग मोबाईलवर चित्रित करून ठेवा, छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असे. छाती हलते आहे पण हवा जात नाही, असं दिसलं तर त्याला महत्त्व आहे. त्यासाठी रात्रभराची झोपेची तपासणी असते, तिचं काम रायनोमेट्री करू शकत नाही. श्वास थांबून ओठ निळसर झाले तर चित्रित करत बसू नका, तिला उठवा आणि लगेच दवाखाना गाठा.

पाऊलखुणा

मंगळवारी जाऊन आलो. व्हिडिओ मी आधीच पाठवले होते, डॉक्टरांनी झोपेच्या तपासणीसाठीही लिहून दिलं आहे.

आम्ही तासभर आधी पोचलो. तिथल्या बाई कोटातच होत्या, लेकीने लगेच नाक झाकलं. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. आधी माझं नाक मोजलं, मग तिच्या सशाचं. सशाचा आलेख सपाट आला तर ती म्हणाली, ‘ह्याला नाकच नाही.’ मग स्वतः मांडीवर चढून बसली. डाव्या बाजूचे तीन आलेख जुळले. उजव्या बाजूला पाच वेळा करावं लागलं, ती मध्येच हसत होती. मास्क तिने हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. कोणी आग्रह केला नाही.

थेंबांनंतर दुसरा खळगा दोन्ही बाजूंना बराच वर आला, पहिला जवळजवळ तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या भागातली अडचण मुख्यतः सुजेची आहे. स्प्रे सुरू केला आहे, सहा आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. ॲडिनॉइडसाठी बाजूचा एक्स-रे काढला, ते वाढलेले आहेतच. त्यांचं काय करायचं ते झोपेची तपासणी झाल्यावर ठरेल. मोजपट्टीताई, सहा आठवड्यांनी जाताना काय लक्षात ठेवू?

मोजपट्टी

तेच यंत्र, त्याच मापाचं टोपण, जमल्यास दिवसाची तीच वेळ. नवी सर्दी झाली असेल तर दोन आठवडे पुढे ढकला. आधीच्या आलेखाची प्रत सोबत न्या, नुसते आकडे नकोत. आणि ससा न्या.

पाऊलखुणा

ससा नेणारच. घरी आल्यापासून तिने कागदाची सुरळी केली आहे आणि जो दिसेल त्याच्या नाकाला लावते. काल तिचे बाबा झोपले होते, त्यांच्या उशाशी बसून हळूच म्हणत होती, ‘हलू नका, बी बोजते आहे.’